शेरा : ऐकायला कमी येते

लातूर
१२ नोव्हेंबर २०२४

श्री. शेषेराव इंगोले,
मोटार रिवायंडिंग वर्क्स, देगलूर यांस,

स. न. वि. वि.

मी पंचशीला सोनकांबळे. लातूरला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत संशोधक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नांदेडच्या दवाखान्यात तुमच्या भावजय तारामतीबाई यांच्या गर्भाशयाच्या मुखावरच्या गाठीचा एक तुकडा आम्ही अभ्यासासाठी घेतला होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. संमतीपत्रावर त्यांचा अंगठा आहे. नातेवाईक म्हणून सही तुमची आहे आणि नात्याच्या रकान्यात 'थोरले दीर' असं लिहिलं आहे.

तुम्हाला मी आठवत नसेन, पण त्या मला चांगल्या आठवतात. नाव तीनदा पुकारलं तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं. म्हणून अर्जावर 'ऐकायला कमी येते' असा शेरा मीच मारला. एकदा बोलायला लागल्या मग मात्र थांबेनात. "मपल्या तुकड्याला खायला काय घालणार गं?" मी म्हटलं, साखर, क्षार, जीवनसत्त्वं घातलेलं गुलाबी पाणी. तर म्हणाल्या, "बघ, मला इथं पातळ वरण आन् त्याला सरबत!"

तुम्हीही आठवता. रोज यायचात आणि दाराशीच उभे राहायचात.

तो तुकडा रुजला आहे. त्याची खात्री करायला तारामतीबाईंचं थोडं रक्त हवं आहे. त्यांची तब्येत कशी आहे ते कृपया कळवा. आमच्या समितीच्या नियमानुसार रुग्णाच्या घरच्यांशी सगळा व्यवहार लेखी ठेवावा लागतो. प्रत्येक पत्र फाइलला लागतं. म्हणून फोन केला नाही.

आपली विश्वासू,
पंचशीला सोनकांबळे

---

देगलूर
२५ नोव्हेंबर २०२४

पंचशीला मॅडमला शेषेराव इंगोलेचा रामराम.

तुमचं रजिस्टर पत्र पोस्टमननं आणलं आन् देता देता अख्ख्या गल्लीला सांगितलं की शेषेरावला कोर्टाची नोटीस आली. तीन जण चहा प्यायला आले, सहानुभूतीचा.

पत्रानं बोलायचं म्हणता ते बरंच. मी कानाचा माणूस हाय. पंक्चरच्या दुकानात हवा भरण्यापासून सुरुवात केली, आज मोटार चालू करा म्हटलं की डोळे मिटून सांगतो, बेरिंग गेलं का कॉइल जळालं. माणसाचंही तसंच. फोनवर समोरचा काय लपवतो ते मला दुसऱ्या वाक्याला कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागदावर दोघंही बिनघोर.

तारामती बरी हाय. गावाकडं असते, बजरंगच्या म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या घरी. शेतात जाते. परवा सोयाबीनच्या राशीवर होती.

रक्त कशाला लागतं तेवढं नीट लिहा. त्यातून काय काय कळतं? बायकामाणसाचा मामला हाय, घरात विचारून सांगतो.

आपला,
शेषेराव इंगोले

---

लातूर
४ डिसेंबर २०२४

शेषेरावकाकांस सादर प्रणाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग राजशेखर सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तिसऱ्या टप्प्यावरची बाई सव्वादोन वर्षांनी राशीवर काम करते, हे वाचून तेसुद्धा खुर्चीतून उठले. असं क्वचित होतं.

आता तुमचा प्रश्न. गाठीचा तुकडा आम्ही बारीक करतो, त्यातल्या पेशी सुट्या करून चपट्या बाटलीत ठेवतो. बाटली माणसाच्या अंगाइतक्या उबेत असते. बहुतेक तुकडे महिना-दीड महिन्यात मरतात. त्या वर्षी मी एकवीस तुकडे लावले, वीस मेले. तारामतीबाईंचा तुकडा पाच आठवडे नुसता पडून होता. सहाव्या आठवड्यात बाटलीच्या तळाशी एक बेट दिसलं. मग ते पसरलं. एक बाटली भरली की दोन करायच्या, दोनाच्या चार. असं आजवर बावन्न वेळा झालं. या पेशी आता आपल्याआप वाढत राहतात. याला आम्ही पेशींचा वाण म्हणतो. एखादं औषध बाईच्या अंगात घालण्याआधी या वाणावर घालून बघता येतं. आपल्या भागातल्या बाईचा असा वाण मी तरी अजून कुठं पाहिला नाही.

पण हा वाण त्यांचाच, हे सिद्ध व्हायला हवं. रक्तात आणि पेशींत सोळा ठिकाणी आकडे जुळवून पाहतात, गाडीचा नंबर आणि चासीचा नंबर जुळवतात तसं. मूळ तुकड्यातला राखून ठेवलेला भाग फ्रीझर बंद पडला तेव्हा नासला. दवाखान्यातला मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा डिसेंबर २०२२ मध्ये नातेवाइकांनी नेल्याची नोंद आहे. तो तुमच्याकडे असेल तर पाठवा.

१६ तारखेला आमचा माणूस रक्त घ्यायला देगलूरला येईल. तारामतीबाईंना सांगा, त्यांचं सरबत चालू आहे.

आपली,
पंचशीला

---

देगलूर
२० डिसेंबर २०२४

पंचशीलाताईंस रामराम.

रक्त दिलं. तारामती सुईला भिते, पण मी समोर बसलो म्हणून गप दिलं. तुमच्या माणसाला आधार कार्ड दाखवलं, सगळं रीतसर.

मेणाचा ठोकळा घरात सापडला न्हाई. हैदराबादच्या डॉक्टरला दाखवायला नेला होता, पुढं कुठं गेला सांगता येत न्हाई.

तुमचा फ्रीझर बंद पडण्याआधी कसा आवाज करत होता ते लिहा. घरघर का टकटक? घरघर असंल तर पुन्हा बंद पडंल, पंख्याचं बुश बघून घ्या.

एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलं की त्या पेशी वाढून राहिल्यात. म्हणजे जित्या हायेत? खरोखर? समजा, माणूस उद्या गेलं, तर बाटलीतलं पण जातं का? सहज विचारलं.

शेषेराव

---

लातूर
१८ फेब्रुवारी २०२५

शेषेरावकाका,

वाईट कळवायचं आहे.

रक्ताचे आणि पेशींचे आकडे जुळले नाहीत. सोळापैकी फक्त तीन ठिकाणी सारखे आले, तेवढे तर कोणत्याही दोन बायकांचे येतात. मी तपासणी पुन्हा करून घेतली. तेच आलं. या पेशी तारामतीबाईंच्या नाहीत.

जगातल्या नोंदलेल्या वाणांशीही ताडून पाहिलं, कुणाशीच जुळत नाहीत. मग या आहेत कुणाच्या? त्याच आठवड्यात माझ्याकडं दुसऱ्या एका बाईचा तुकडा आला होता. 'रुजला नाही, टाकला' असं मी वहीत लिहिलं आहे. राजशेखर सरांचं म्हणणं, मी चिठ्ठी बदलली. रुजला तो टाकला असं लिहिलं आणि मेला तो जपला असं. त्या दिवशी नांदेडहून येताना गाडी लोह्याजवळ दोन तास अडकली होती, तुकडे बर्फात होते आणि मी घाईत होते. मी तसं केलं असेन का? अडीच वर्षं ज्या हातांवर विश्वास ठेवला ते हात आता मी बघत बसते.

ज्यांच्या पेशी त्यांची संमती नाही, तर त्या ठेवायच्या कशाच्या जोरावर? समितीचा निर्णय झाला आहे. ३१ मार्चला सगळ्या बाटल्या आणि नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या सगळ्या कुप्या नष्ट करायच्या. त्याआधी चूक माझी, असं लिहून मला सही करायची आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. माणूस गेलं तरी पेशी जात नाहीत. माणूस गेल्याचं त्यांना कळत नाही. ऊब आणि पाणी मिळेल तोवर त्या वाढतात.

पंचशीला

---

देगलूर
३ मार्च २०२५

पंचशीलाताई,

पत्र मिळालं. वाईट वाटलं. मशीनची चूक असंल. मशीनवर माणसानं किती भरोसा ठेवावा? माझ्याकडं मीटर एक सांगतं आन् मोटार दुसरंच.

जे झालं ते झालं. समिती म्हणती तर टाकून द्या. कोणाचं काही मागं राहू नये, असंही म्हणतात आमच्यात. तुम्ही तरुण आहात, दुसरा तुकडा लावाल.

नष्ट करतात म्हणजे नेमकं काय करतात? जाळतात का पाण्यात सोडतात?

शेषेराव

---

लातूर
१० मार्च २०२५

काका,

जाळत नाहीत, पाण्यातही सोडत नाहीत. कुकरसारखं मोठं यंत्र असतं. एकशे एकवीस अंशांवर वाफेत ठेवतात. अर्ध्या तासात काही उरत नाही. ते काम मलाच करायचं आहे, मीच मागून घेतलं.

दुसरा तुकडा लावायला मी इथं असेन असं वाटत नाही. माझे वडील व्यंकटी बिलोलीला शिपाई होते. बदलीवर आलेल्या साहेबाला ते एकच सांगायचे, "पोरगी लातूरला शास्त्रज्ञ हाय." त्यांना काय सांगायचं ते ठरवते आहे.

एक काम करा. तारामतीबाईंना माझ्या वतीनं सांगा की त्यांनी विश्वासानं दिलेला तुकडा मी बहुतेक दुसरीचा समजून टाकून दिला. माफी मागायला यायचं होतं, पण नियमात बसत नाही. आणि त्यांना जरा मोठ्यानं सांगा, त्यांना ऐकायला कमी येतं.

पंचशीला

---

देगलूर
२२ मार्च २०२५

पंचशीला सोनकांबळे यांस,

हे पत्र पोस्टानं पाठवत न्हाई. स्वतः लातूरला येऊन तुमच्या आवकच्या खिडकीवर देतोय आन् पोचीवर शिक्का घेतोय. फाइलला लावा. म्हणूनच लिहितोय.

सही करू नका. चिठ्ठी तुम्ही बदलली न्हाई. चिठ्ठी मी बदलली.

नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही जिचा तुकडा घेतला ती तारामती न्हवती. ती माझी बायको गुणाबाई.

आम्हां भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा गावच्या रेशन कार्डावरून आमची नावं निघाली. देगलूरला गरिबांच्या यादीचे सर्व्हेवाले दुकानावर आले, तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हटलं, "लिहा, शेषेराव इंगोले आपल्या पायावर उभा हाय, त्याला सरकारचं काही नको." लोक हसले, मला लई बरं वाटलं. पुढं गुणाबाईला हे निघालं आन् फुकट उपचाराच्या सरकारी योजनेत बसायला कार्ड नव्हतं. बजरंगच्या कार्डावर तारामतीचं नाव होतं. दोघी एकाच गावच्या लेकी, तोंडावळा सारखा, फोटोत पदर कपाळापर्यंत. अक्कल माझीच. तारामती बिचारी नको म्हणत होती. "भावजी, मपलं नाव देते, पण मपलं नशीब तिकडं जाईल का हो?" मी तिला दटावलं.

मग नवऱ्याच्या रकान्यात बजरंग आला आन् मी झालो थोरला दीर. हे लिहिताना हुशारी वाटली होती. वॉर्डात गेल्यावर कळलं. आजूबाजूच्या खाटांवर सगळ्या आपल्याच मुलखातल्या बाया. थोरला दीर भावजयीच्या अंगाला हात लावतो व्हय? खाटेवर बसतो व्हय? ती मला बघून पदर पुढं ओढायची. चार महिने. औषधानं तिला ओकारी यायची आन् मी दाराशी उभा. पाठीवर हात पुनमनं फिरवला. आमची लेक, तीपण तिथं पुतणी होती. एकदा ऑटोत बसताना गुणाबाईच म्हणाली, "सरकून बसा भावजी, लोक काय म्हणतील?" आन् हसली. मी सरकून बसलो. मी, ज्याला अख्खं देगलूर तोंडाळ म्हणतं.

९ फेब्रुवारी २०२३ ला ती देगलूरच्या घरी गेली, तिच्या स्वतःच्या नावानं. सरकारदप्तरी तारामती बरी झाली आन् गुणाबाई घरच्या घरी वारली. तुम्ही पहिलं पत्र धाडलं तेव्हा मी तारामती बरी हाय असं लिहिलं. खोटं न्हवतं ते. पण तुमचे साहेब खुर्चीतून उठले हे वाचलं, त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई.

रक्ताचं म्हणाल तर मला वाटलं, रक्त ते रक्त. त्यातून नाव थोडंच निघतं? तारामतीला घेऊन आलो आन् बसवलं. तिथं दुसऱ्यांदा तुम्हाला फसवलं.

मेणाचा ठोकळा हरवला न्हाई. अस्थींबरोबर नांदेडला गोदावरीत सोडला. आमच्यात माणसाचा कण पण मागं ठेवत न्हाईत, जीव अडकतो म्हणतात. अस्थी झाल्या, तर हा तुकडा कशाला ठेवायचा? गाठोड्यात घातला आन् सोडला. हात झटकले. आन् दोन वर्षांनी तुमचं पत्र, की ती लातूरला बाटलीत बसून सरबत पिते.

३ मार्चला मी टाकून द्या असं लिहिलं ते दोन कारणांनी. एक, माझी कातडी. दुसरं, खरंच वाटलं की सुटंल बिचारी. मग तुमचं वाफेचं पत्र आलं. दुकानात मोटार वाळवायची भट्टी हाय माझ्याकडं. तिचा काटा शंभरावर गेला की मी लांब सरकतो. एकशे एकवीस वाचलं आन् भट्टीकडं बघून राहिलो. तिनं स्वतःहून अंगठा दिला होता, ताई. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "माझं तर काही खरं न्हाई, पण पुनमच्या वयाच्या पोरींचं तरी बघू द्या त्यांना." तिचा शब्द मोडून तिला वाफ द्यायची, आन् तेही माझी अब्रू झाकायला?

आता पुरावा. पुनमला सोबत आणलंय, खाली गेटजवळ बसलीय. तिचं रक्त घ्या, माझं घ्या. पोरीत अर्धी आई असती एवढं तर तुमचं शास्त्र मानत असंल. संमतीपत्रावरचा अंगठा गुणाबाईचा हाय. बचत गटाच्या ठरावावरचा तिचा अंगठा सोबत जोडलाय, ताडून बघा.

दवाखान्यालाही असंच पत्र देऊन आलोय. जबाबाला बोलावतील. बजरंगनं बोलणं सोडलंय, त्याच्या बायकोचं नाव गुंतलं म्हणून. तारामतीला शिक्षा होऊ नये, तिला मी दटावून केलं, हे ठळक लिहा.

आन् ३१ तारीख थांबवा.

शेषेराव बजाबा इंगोले

---

लातूर
२९ एप्रिल २०२५

शेषेरावकाका,

तुमचं पत्र खिडकीतून वर आलं तेव्हा मी नायट्रोजनमधल्या कुप्यांची यादी करत होते. सर समितीपुढं स्वतः गेले. ३१ तारीख थांबली.

निकाल सोबत जोडला आहे. तक्ता कसा वाचायचा ते सांगते. मधल्या रकान्यात पुनमताई आहे. प्रत्येक ओळीत तिचे दोन आकडे. डावीकडं तुम्ही, उजवीकडं बाटलीतल्या पेशी. प्रत्येक ओळीत पुनमचा एक आकडा तुमच्याकडं सापडतो आणि दुसरा पेशींकडं. सोळापैकी पंधरा ओळींत. सोळाव्या ओळीत पेशींमधला एक आकडा गळला आहे, कर्करोगात असं होतं आणि तपासणाऱ्यांनी ते मान्य केलं आहे. काका, चार महिने तुम्हाला त्या खाटेवर बसता आलं नाही. या तक्त्यात तुम्ही दोघं लेकीच्या दोन्ही बाजूंना बसला आहात.

अंगठाही जुळला. संमती त्यांची होती, नाव तेवढं चुकीचं होतं, असं समितीनं लिहिलं. वाण राहतो. पुढच्या महिन्यात त्यावर पहिलं औषध घालून बघणार आहोत.

दवाखान्याच्या चौकशीत काय होईल ते माझ्या हातात नाही. तुमच्या विनंतीप्रमाणं तारामतीबाईंबद्दलचा मजकूर ठळक करून पाठवला आहे. त्यांना एक सांगा. कागदावर त्यांना हा आजार होऊन गेलेला आहे, म्हणून त्या कुठल्याच दवाखान्यात जात नाहीत असं पुनमताई म्हणाली. त्यांनी आता स्वतःच्या नावानं तपासणी करून घ्यावी. मी सोबत येईन. हे नियमात बसतं.

फ्रीझरचं बुश बदललं. घरघरच होती.

सप्रेम जयभीम.
पंचशीला

---

देगलूर
९ मे २०२५

पंचशीला पोरी, जयभीम.

तारामतीचा रिपोर्ट चांगला आला. दवाखान्यातून बाहेर येऊन म्हणाली, "भावजी, मपलं नशीब वापस मिळालं." बजरंग अजून बोलत न्हाई, पण गावाकडून माझा डबा त्याच्याच मोटारसायकलवरून आला. जबाब झाला. दुसरी तारीख पडलीय, जे होईल ते भोगीन. तक्ता दुकानात लावलाय. गिऱ्हाईक विचारतं कशाचा, मी म्हणतो लग्नाचा.

परवा लातूरला तू सूक्ष्मदर्शकातून त्या पेशी दाखवल्यास. एकमेकींना चिकटून बसल्या होत्या सगळ्या, ओट्यावर शेंगा फोडायला बसल्यासारख्या. मी कान देऊन बघितलं. सवय हाय. त्या उबेच्या कपाटाची घूं ऐकू आली, दुसरं काही न्हाई.

बाटलीवर नाव लिहीत न्हाईत, नंबरच असतो म्हणालीस. राहू दे. नावापायी लई घोळ झाला.

पण एक दुरुस्ती कर. माझा कान तिखट म्हणतात, पण तो मला गुणाबाईनं शिकवला. अर्ध्या कोसावरच्या शेतातली मोटार अडखळली तर भाकरी थापता थापता सांगायची, "जा, फुटबॉलला कचरा अडकला." नळीच्या तोंडाची जाळी, आम्ही फुटबॉल म्हणतो तिला. कधी चुकली न्हाई. तू वॉर्डात तीनदा पुकारलंस ते तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण ते नाव तिचं न्हवतं.

तेव्हा मूळ अर्ज काढ, तुझ्या हातानं तो शेरा खोड आन् बाजूला सही कर. तिला चांगलं ऐकू येत होतं.

शेषेराव